जास्तीचं तेल

गॅरेजात दोनच गोष्टी साठतात, भंगार आणि किस्से. भंगारवाला महिन्या-दोन महिन्यांनी टेम्पो घेऊन येतो. किस्से न्यायला कोणी येत नाही, म्हणून मी ते असा वाटत बसतो! त्यातले निम्मे तर एकाच गोष्टीचे आहेत : इंजिनात जरा जास्त पडलेलं तेल.

धायरीत रस्त्याला लागून आमचं रान होतं. त्याच्या कोपऱ्यात मी आणि माझा मित्र सलीम, दोघांनी मिळून गॅरेज टाकलं. सलीम स्वारगेटजवळचा, अस्सल पुणेकर. जागा अर्थातच माझ्या वडिलांची, आबांची. शेजारची रानं तेव्हा एकेक करून बिल्डरकडे चालली होती आणि आमच्या कोपऱ्यावरही एकाचा डोळा होता. आबांनी मला सरळ सांगितलं, दिवाळीपर्यंत बघतो. गॅरेज धड चाललं तर ठीक, नाहीतर जागा देऊन मोकळा होतो. दुसऱ्या दिवसापासून खुर्ची टाकून ते आमच्यासमोर बसायला लागले. सलीमच्या हातावर माझा पूर्ण भरवसा होता, पण ती खुर्ची मला खुपायची, हे खरं.

* * *

पेठेतले एक साने होते, निवृत्त, जुन्या फियाटवाले. तेल बदलताना बाजूला हाताची घडी घालून उभे राहायचे. त्यांच्या गाडीला डब्यातलं सगळं तेल लागत नसे. सलीमनं तेल मोजायची पट्टी पुसून पुन्हा इंजिनात घातली, तेल वरच्या खुणेला टेकलेलं पाहिलं आणि ओतायचं थांबवलं.

साने म्हणाले, डबा मी विकत घेतलाय, रिकामा करा. सलीमनं समजावलं की केसभर जास्त झालं तर बिघडत नाही, पण फार वर गेलं की तेल आत घुसळून निघतं, फेस होतो, सील गळायला लागतात.

सान्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि उरलेलं आपण कुणाच्या गाडीत घालणार?"

सलीमनं उरलेलं तेल बाटलीत भरून त्यांच्या हातात दिलं. पुढच्या वेळी साने घरूनच खोकल्याच्या औषधाची बाटली धुऊन घेऊन आले. वर चिकटवलेलं होतं : 'उरलेले. पिऊ नये.'

* * *

एकदा एक जोडपं आलं. गाडी स्वारगेटपासून निळा धूर सोडत आलेली. शनिवारी नवऱ्यानं तेल कमी वाटलं म्हणून ओतलं होतं. रविवारी बायकोनं, हे कशाला बघतायत, असं म्हणून पुन्हा ओतलं होतं. दोघांनीही एकमेकांना सांगितलं नव्हतं आणि ते उघड झालं आमच्या दारात!

सलीमनं त्याची मोठी सिरिंज काढली. ती जनावरांच्या डॉक्टरकडून मिळवलेली. तिला पातळ नळी जोडायची, पट्टीच्या भोकातून खाली सोडायची आणि जास्तीचं तेल ओढून घ्यायचं. नवरा घाबरून बघत होता. बायको एवढंच म्हणाली, "यांनी घरातलं एक तरी काम सांगून केलंय का, विचारा."

आबा खुर्चीतून सिरिंज निरखत होते. म्हणाले, "म्हशीला टोचलं तर म्हस बरी तरी हुती."

हा शेरा आमच्या धंद्यावर होता, हे मला कळलं. त्या दिवशी मला जेवण गोड लागलं नाही.

* * *

माझा मावसभाऊ तर वेगळाच. गाडी बंद केल्या केल्या पट्टी बघायचा. तेल तेव्हा वर इंजिनात असतं, खाली उतरायला वेळ लागतो. त्याला ते कमी दिसायचं, की हा ओतायचा. पुन्हा बघायचा, पुन्हा ओतायचा.

सलीमनं मग नियमच केला. गाडी बंद करा, समोर जाऊन चहा प्या, मग पट्टी. सगळी गिऱ्हाइकं निमूटपणे चहा प्यायला जाऊ लागली. चहावाल्यानं आमच्या बाजूला एक बाक वाढवला. आबांनी मला बोलावून सांगितलं, चहावाल्याचं चांगलं चाललंय.

* * *

कॉलेजात शिकवणाऱ्या एक बाई तक्रार घेऊन आल्या, तेल खुणेच्या वर आहे. आमच्याकडे बघितलं तर बरोबर. घरी गेल्या, पुन्हा जास्त. शेवटी सलीम त्यांच्या सोसायटीत जाऊन आला. गाडी पार्किंगच्या उतारावर उभी असायची, तेल एका बाजूला सरकून पट्टीवर जास्त दिसायचं.

बाईंनी माफी वगैरे मागितली नाही. म्हणाल्या, "म्हणजे तेल बरोबर आहे, इमारत तिरकी आहे. मी बिल्डरला कळवते."

आबा त्या दिवशी पहिल्यांदा हसले.

* * *

आणि दिवाळीच्या तोंडावर आमचा बिल्डर आला. नवी मोठी गाडी, मागं निळा धूर. काटकसर नको, भरपूर घाल, असं त्यानंच ड्रायव्हरला बजावलं होतं. त्याच्या स्वतःच्या बगलेत आमच्या जागेची कागदपत्रं होती. आबा त्याच्याशी हसून बोलले. सही झाली असती तर सलीमला आणि मला पाने-पक्कड गोणीत भरावी लागली असती.

सलीमनं नळी सोडली. काळं तेल वर यायला लागलं. आबा खुर्ची सोडून जवळ आले आणि त्यांनी विचारलं, येवढं कशाला काढतोस? सलीमनं त्यांना पट्टी दाखवली, वरची खूण दाखवली आणि त्यापुढं गेलं की इंजिनाचं काय होतं तेही सांगितलं.

तेवढ्या वेळात बिल्डरनं भाव वाढवला. आबा पट्टीच बघत राहिले. त्यानं आणखी वाढवला. म्हणाला, आबा, एवढं या रस्त्याला कुणालाच मिळालेलं नाही. आणि पेन पुढं केलं.

आबांनी पेन घेतलं नाही. सलीमच्या हातातली पट्टी घेतली, धोतराच्या सोग्याला पुसली आणि वरच्या खुणेवर अंगठा ठेवला.

"सायेब, माझं हितपर्यंत हाय," ते म्हणाले. "आता वर नगं."