अवसेला गळणारी नावं

"साहेब, सात शेतकऱ्यांची नावं यादीत आलीच न्हाईत," ऑपरेटर कांबळे म्हणाले. "म्या सोता टाईप केलीत."

ऐंशीच्या दशकाची अखेर. उस्मानाबाद जिल्ह्यातला एक सहकारी साखर कारखाना. प्रोग्रॅम मी लिहिलेला, म्हणून पुण्याहून मलाच बोलावलं होतं. दुष्काळामुळे उभा ऊस वाळत होता. ज्याचा वाळतोय त्यानं अर्ज द्यायचा. अर्जाच्या तारखेप्रमाणे कॉम्प्युटर तोडणीची यादी छापायचा. यादीत नाव नाही, तर टोळी शेतात येत नसे.

मी तेच सात अर्ज स्वतः टाईप केले. सातही नावं छापून आली.

"कुठं आहे दोष?" मी विचारलं.

"आता आली खरी. तवा आली नव्हती."

मी रिपोर्ट लिहिला: 'प्रोग्रॅममध्ये दोष नाही. ऑपरेटरची चूक.' कारखान्याच्या एमडींनी कांबळेंना कॉम्प्युटरवरून उठवून गेटवर बसवलं, गाड्यांना नंबर द्यायला.

महिन्याभरानं पुन्हा फोन. आता ऑपरेटर नवा, तरी पाच नावं गायब. मी गेलो, टाईप केलं, पाचही आली. डोकं चालेना. बाहेर याच जिल्ह्यातल्या वाशीकडचे शेतकरी निवृत्तीतात्या बसले होते. त्यांचंही नाव गळालेलं.

"तात्या, अर्ज कधी दिलात?"

"अवसेला."

"नक्की?"

"अवसेला औत धरत न्हाईत, साहेब. बैल मोकळे, म्हून आमीबी मोकळे. तुमाला पुण्यात कोण सांगणार!"

अर्जावर मात्र दुसऱ्या दिवशीची तारीख होती. तारीख हेडक्लार्क घालायचे. त्यांना विचारलं.

"अमावास्येला नवी नोंद कशी धरायची?" ते म्हणाले. "आम्ही उद्याची तारीख घालतो. पहिल्यापासूनची पद्धत आहे."

तिथंच उलगडा झाला. अर्ज आले त्याच दिवशी टाईप व्हायचे. आजच्या पुढची तारीख दिसली की माझा प्रोग्रॅम ती नोंद टाकून द्यायचा. टायपिंगची चूक पकडायला ती अट मीच घातली होती. पण पडद्यावर तसा मेसेज द्यायचा, तो मी दिला नव्हता. नाव गुपचूप जायचं. मी पोचेपर्यंत ती तारीख उलटलेली असायची, म्हणून माझ्या हातून सगळं सुरळीत व्हायचं.

मी गेटवर जाऊन कांबळेंना हे सांगितलं. ते हसले.

"आमी बौद्ध. आमच्यात अवस पाळत न्हाईत. मला कसं सुचावं?" मग हळूच म्हणाले, "एमडीसाहेबांना सांगताय न्हवं?"

"सांगतो," मी म्हणालो.

एमडींनी विचारलं, "झालं का?"

"झालं. थोडी सुधारणा केली."

"काय होतं?"

"किरकोळ."

तेवढंच बोललो. मेसेजची ओळ घातली; तो दिसला की ऑपरेटर ती नोंद दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकायचा. त्यानंतर एकही नाव गळालं नाही. जुना रिपोर्ट मात्र मी बदलला नाही. कांबळे गेटवरूनच निवृत्त झाले, हे मला फार उशिरा कळलं. तोवर ते हयात नव्हते.

तर आता लिहितो: चूक कांबळेंची नव्हती, माझी होती. दोष सापडला नाही, याचा अर्थ मला सापडला नाही, एवढाच. रिपोर्टमध्ये तेवढंच लिहायचं असतं.