मित्राच्या संगणकात माझं अपील

मित्राच्या ऑफिसात संगणक आला तेव्हा त्याने सत्यनारायण घातला. आम्ही दोघे एकाच वर्षी वकील झालो, दोघेही डोंबिवलीत राहायचो आणि कल्याणच्या कोर्टात उभे राहायचो. त्याचं वाचन माझ्यापेक्षा कमी होतं, उलटतपासणी कंटाळवाणी होती आणि इंग्रजी तर ऐकवत नसे. हे सगळं मी त्या दिवशी प्रसादाचा शिरा खाताना पुन्हा एकदा मनाशी तपासून पाहिलं. शिरा मात्र उत्तम होता, त्याचाही राग आला.

संगणकासाठी काचेची खोली केली होती आणि तिला एसी होता. पक्षकार बाहेर बाकावर घाम पुसत बसत आणि यंत्र आत थंड हवा खाई. दारावर पाटी होती: ‘चपला बाहेर काढाव्यात’. पडद्यावर वहिनींनी शिवलेलं फुलाफुलांचं आच्छादन असे. ते बाजूला करताना मित्राचा चेहरा काकडआरतीच्या पुजाऱ्यासारखा होई.

यंत्र करायचं एवढंच, की टेलिफोनची लाइन जोडली म्हणजे बराच वेळ किरकिर करून मुंबई हायकोर्टातल्या केसचा ठावठिकाणा सांगायचं. नंबर टाकायचा, मग हिरव्या अक्षरांत केसची अवस्था उमटायची. तोवर आमच्याकडे ही माहिती एका माणसाबरोबर येत असे. मुंबईच्या एका वकिलांचा कारकून डोंबिवलीत राहायचा. तो संध्याकाळी घरी येताना उद्याचा बोर्ड आणायचा. बोर्ड म्हणजे कोणत्या न्यायमूर्तींपुढे कोणती केस निघणार याची छापील यादी. आम्ही काही वकील त्याच्या गॅलरीत बसून पेन्सिलीने आपापले नंबर हुडकायचो. बारीक टाइपातला नंबर मला सगळ्यांच्या आधी दिसे. एक ज्येष्ठ वकील तर मला आपलीही पानं बघायला द्यायचे. संगणक आला आणि तेच ज्येष्ठ काचेच्या खोलीबाहेर चपला काढताना दिसले.

“अहो, तुम्हीही घ्या की एक,” बायको म्हणाली.

“कशाला? मला वाचता येतं.”

“मग झोपेत दात का खाता?”

एक दिवस खाडीकाठच्या गावातली एक कोळीण माझ्याकडे आली. ती माझी फार जुनी पक्षकार. नवऱ्यामागे तिच्याकडे राहिलं होतं ते सुकट वाळवायचं खळं. त्यावर तिचं घर चालायचं. शेजारच्या रेतीवाल्याला ती जागा रेती उतरवायला हवी होती. कल्याणला आम्ही जिंकलो, ठाण्याला तो जिंकला, म्हणून मी हायकोर्टात अपील केलं आणि अपिलाचा निकाल लागेपर्यंत स्टे मिळवला. त्या स्टेवर ती वर्षानुवर्षं बोंबील वाळवत होती. अपील गेलं असतं, तर दुसऱ्या दिवशी खळ्यात रेतीचा ढीग पडला असता.

तिच्या हातात कडेला भोकं असलेला लांबलचक कागद होता.

“वकीलदादा, मशीन बोललं केस संपली. मना आदी सांगायचं नाय?”

“कुणाच्या मशीनकडे गेली होतीस?”

“तुमच्या दोस्ताच्या. आखं गाव जातंय.”

आखं गाव जातंय हे ऐकून मला जे झालं, त्यानंतर कागद वाचायला थोडा वेळ लागला. इंग्रजीत लिहिलं होतं, ‘डिस्पोज्ड’. पण नंबर अपिलाचा नव्हता, स्टेच्या अर्जाचा होता. स्टे मिळाला, तेव्हाच तो अर्ज निकाली निघाला होता. अपील आपल्या जागी शाबूत असायला हवं होतं. मी तिला घेऊन तसाच मित्राकडे गेलो. चपला काढल्या नाहीत.

“अरे, डिस्पोज्ड म्हणजे डिस्पोज्ड,” तो बाकावरच्या पक्षकारांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. “मशीन कशाला खोटं बोलेल?”

“मशीन नाही, तू बोलतोयस. हा अर्जाचा नंबर आहे. अपिलाचा टाक.”

त्याने टाकला. किरकिर झाली. पडद्यावर काहीच येईना.

“बघ, अपील नाहीच! उडलं असेल रे कधीतरी गैरहजेरीत. तुला पत्ता नसेल.”

बाकावरची माणसं माझ्याकडे बघू लागली. कोळीण कुणाकडेच बघत नव्हती, तिने पदराचं टोक तोंडात धरलं होतं.

“उद्या मुंबईहून लेखी आणतो,” मी म्हणालो.

अपील जिवंत आहे हे मला माहीत होतं. मुंबईला जायचं काही कारण नव्हतं. मला फक्त त्या काचेवर चिकटवायला हायकोर्टाच्या शिक्क्याचा एक कागद हवा होता. तो मिळालाही. कचेरीतल्या बाईंनी हे अपील यंत्रात चढवायचंच राहिलंय असं सांगत ‘अपील प्रलंबित’ असं लिहून दिलं आणि मी तो घडी न पडेल असा बॅगेत ठेवला. मित्राला काय काय बोलायचं ते जुळवत मी जिना उतरत होतो, तर भिंतीवर एक टाइप केलेलं पान लावलेलं दिसलं. पुरवणी बोर्ड. जुनी अपिलं एकदम काढून संपवायची असं ठरलं होतं. सवयीने नजर फिरली आणि आमचा नंबर दिसला. तारीख उद्याची होती. ते पान छापील बोर्डात नव्हतं, म्हणजे त्या संध्याकाळी गॅलरीत मला काही दिसलं नसतं. दुसऱ्या दिवशी पुकारा झाला असता, कुणी उभं राहिलं नसतं आणि मित्र म्हणत होता तेच खरं झालं असतं.

मग कागदपत्रांसाठी घरी धावलो. दुसऱ्या दिवशी उभा राहिलो, जमेल तसं बोललो. न्यायमूर्तींनी ठाण्याचा निकाल फिरवला. खळं तिचं राहिलं.

शिक्क्याचा कागद आणि सोबत कोळिणीला घेऊन मी मित्राकडे गेलो, तर तो हसतमुखाने उठून उभा राहिला. “काय, वाचवली की नाही तुझी केस? मशीनने इशारा दिला म्हणून गेलास!” बाकावरच्या माणसांनी माना डोलावल्या. मी कोळिणीकडे पाहिलं. ही तरी काही बोलेल.

“खरंच हाय दादा,” ती म्हणाली. “मशीन येडंवाकडं बोललं म्हणून तुमी धावलंव. नायतर बसलंच होतंव की त्या गॅलरीत.”

उलटतपासणीत मला एवढं नेमकं कुणी कधी धरलं नव्हतं.

त्या आठवड्यात तिने माझ्याकडे सोड्यांचा, म्हणजे सुक्या कोळंबीचा पुडा आणला. मित्राला हातभर लांब, ताजा जिताडा दिला. आमच्या खाडीत जिताड्यापुढे मासा नाही आणि माझ्या घरी तर तो सणासारखा होतो. मित्राच्या घरी अंडंही चालत नाही. तिने तो विश्वासाने काचेच्या थंड खोलीत नेऊन ठेवला होता. संध्याकाळी मित्राचा फोन आला.

“अरे, हा राक्षस घेऊन जा बाबा. तुझी वहिनी आत यायला तयार नाही. सगळी खोली घमघमतेय.”

मी पिशवी घेऊन गेलो. बायकोने कोकमाचं आगळ घालून कालवण केलं, तुकड्या तळल्या. मुलं बोटं चाटत जेवली.

“कसा झालाय?” बायकोने विचारलं.

“छान.”

“मग तोंड असं का?”

मासा खरंच अप्रतिम होता. पण तिने तो त्याला दिला होता.