दोनांपैकी एकच फुंका

बँडवाल्यांकडे किस्से फार, आणि त्याचं कारण सोपं आहे. आमचा अर्धा जन्म वाट बघण्यात जातो. नवरदेव तयार व्हायचाय, थांबा. घोडी यायचीय, थांबा. नवरीच्या आत्याचा नवरा रुसलाय, थांबा. वाजवायचं थोडं आणि थांबायचं फार. मग रिकामा माणूस करणार काय? एक तर बिडी ओढतो, नाहीतर गप्पा हाणतो. मी वर्षानुवर्षं दोन्ही केलं. गेल्या लग्नसराईच्या तोंडावर बिडी सोडली, आणि तेव्हापासून किस्सेच किस्से. बिडीपेक्षा बिडी सोडण्याचा धूर जास्त निघतो, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

मी अशोक, वरवट बकालचा. शाळेत क्लार्क आहे आणि लग्नसराईत क्लारनेट वाजवतो. बँड देवमनमामांचा. मामा नात्याने कुणाचेच मामा नाहीत, म्हणून सगळ्यांचे आहेत. ते ट्रम्पेट वाजवतात. ढोलवाला शेषराव माझा बालमित्र, आयुष्यातली पहिली बिडी आम्ही दोघांनी मिळून ओढली आणि मिळूनच ओकलो. माझी बायको सुनंदा बँडमध्ये नाही, पण बँड तिला घाबरतो.

आमच्या बँडची एक रीत आहे. नवरी सासरी निघाली की क्लारनेटवर एकच लांब सूर लावायचा, आणि तिची गाडी वळणाआड जाईपर्यंत तोडायचा नाही. मामा म्हणतात, "पोरगी मागं पाहून राह्यली तवर माहेर वाजत राह्यलं पाह्यजे." कित्येक वर्षं मी हा सूर निभावला. मग तो तुटायला लागला. गाडी मांडवासमोरच असायची आणि माझा दम संपायचा. मामा लगेच खालून ट्रम्पेट मिसळायचे, लोकांना कळायचंही नाही. मामा एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर मी कदाचित अजूनही ओढत असतो.

* * *

खामगावच्या डॉक्टरांकडे शेषराव मला घेऊन गेला. तिथे एक खेळण्यासारखं यंत्र होतं. नळी तोंडात धरून श्वास ओढायचा की आतले तीन चेंडू वर चढतात. माझा एकच चढला, तोही बळंच. शेषरावने बाजूने "जोर लाव, जोर लाव" असं चालवलं होतं, त्याला आधी बाहेर बसवलं.

डॉक्टरांनी विचारलं, "काय करता तुम्ही?"

"क्लारनेट वाजवतो."

"आणि?"

"बिडी पितो."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "भाता एकच आहे हो. दोनांपैकी एकच फुंका."

बाहेर आल्यावर मी खिशातला बंडल शेषरावच्या हातात दिला. त्याने तो आपल्या खिशात टाकला. माझ्या मैत्रीखातर त्याने वरवटपर्यंत एकही बिडी पेटवली नाही. एसटीत पेटवता येत नाही, ही गोष्ट वेगळी.

* * *

शेषरावची सोडायची तयारी नव्हती, पण माझ्या नाकाची त्याला फार काळजी. नुसत्या वासाने माझा जीव कासावीस व्हायचा, हे त्याने ओळखलं होतं. म्हणून बिडी पेटवायच्या आधी तो बोट तोंडात ओलं करायचा, वर धरायचा, वारा कुठून येतो ते बघायचा आणि धूर माझ्याकडे येणार नाही अशा बाजूला जाऊन उभा राहायचा. कधी कधी त्यासाठी पार शेताच्या बांधापर्यंत चालत जायचा.

एका गावात लग्नाला आलेली मंडळी हे बघत होती. दुपारी दोन-चार जण त्याच्याजवळ गेले. एका म्हाताऱ्याने अदबीने विचारलं, "भाऊ, तुमी सकायपासून हवा पाहून राह्यले. पाणी येईन का?"

शेषरावने पुन्हा बोट ओलं केलं, वर धरलं आणि सांगितलं, "हाव, येईन यंदा. पण सोयाबीन लवकर काढा."

त्या गावातले लोक अजूनही पावसाआधी त्याला फोन करतात.

* * *

सोनाळ्याच्या लग्नात तर कमाल झाली. मामांनी तोपर्यंत हुकूम काढला होता की, जो अशोकला बिडी देईल त्याने हंगामभर खुळखुळा वाजवायचा. आमच्यात खुळखुळा वाजवणं म्हणजे वर्गाबाहेर अंगठे धरून उभं राहणं.

वरात दारी आली. नवरीचे काका मोठ्या मानाने ताट घेऊन आले. ताटात पान, सुपारी, आणि मधोमध सिगारेटी उभ्या रचलेल्या. ताट पहिल्यांदा माझ्यासमोर आलं. माझा हात निघाला. खोटं कशाला सांगू, मी तो काढला नव्हता, तो आपोआप निघाला.

तेवढ्यात शेषराव पुढे झाला. "आमचा बँड सिगारेट पेत नाई," त्याने जाहीर केलं. मामांनी मान डोलावली. मग काय, ताट एकेकासमोर फिरलं आणि एकेक अट्टल फुंक्या हात जोडून "नाई बाप्पा, नाई बाप्पा" म्हणत गेला.

काका घाबरे झाले. बँड रुसला, आता वाजवणार नाही, अशी त्यांची समजूत झाली. ते धावत घरात गेले आणि थोड्या वेळाने एक चकचकीत सोनेरी पाकीट घेऊन आले. "चुकलं भाऊ आमचं," ते म्हणाले. "हे घ्या, मोठावाला आणला."

सगळ्या बँडने त्या पाकिटाकडे एकदा डोळे भरून पाहिलं आणि परत केलं. मी सोडून बाकी कुणी व्यसन सोडलं नव्हतं, हे लक्षात घ्या. परत येताना टेम्पोत शेषराव माझ्याजवळ सरकला. मग म्हणाला, "अशोक्या, एवढं मोठं दान मी आजलोक विहारातबी नाई केलं बे."

मी तेव्हा हसलो. पण घरी येऊन सुनंदाला सांगताना हसलो नाही.

* * *

आता पत्तीचा किस्सा. क्लारनेटच्या तोंडाशी वेताची एक पातळ पट्टी बांधलेली असते. ती थरथरते म्हणून सूर निघतो. तिला आम्ही पत्ती म्हणतो. ती वाजवण्याआधी तोंडात धरून ओली करावी लागते. तलफ आली की मी हीच पत्ती ओठांत धरायचो. हाताला काम, तोंडाला काम, वर धूर नाही. मोठा शोध लागल्यासारखं वाटलं.

वानखेडला एक लग्न होतं. नवरदेवाचे कपडे सापडत नव्हते. वाट बघता बघता तलफ अशी चढली की मी पत्ती ओठांतून दातांत घेतली, आणि कधी चावून चावून भुगा केली ते कळलंच नाही. दुसरी पत्ती घरी.

ती मागवायला शेषरावने सुनंदाला फोन लावला. गडबडीत एवढंच म्हणाला, "वहिनी, घात झाला. अशोक्यानं पत्ती खाल्ली."

आता पानठेल्यावर पत्ती म्हणतात ती तंबाखूची. सुनंदाने पुढचं काही ऐकलंच नाही. तिने भाकरी तव्यावर सोडली, मिळाली त्या ऑटोत बसली आणि थेट मांडवात आली. वऱ्हाडी म्हणाले, नवरीची मावशी दिसते. ती मंडळी ओलांडून सरळ बँडकडे आली. माझ्यासमोर उभी राहिली.

"तोंड उघडा."

"अवं पण आयकून तं घे..."

"उघडा म्हणते ना."

मी भर मांडवात आ केला. तिने आत वाकून पाहिलं. जिभेवर वेताचे तुकडे. दोन दाढांच्या मध्ये एक कुसळ. तिने वास घेतला, पुन्हा पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"बिडी सोडली तं आता बाजा खाऊन राह्यले का?"

सगळा मांडव हसला. ती मात्र हसली नाही. पदराचं टोक डोळ्यांना लावून म्हणाली, "मले वाटलं, गेलं सगळं." मग शेषरावकडे वळून तिने त्याची जी पूजा बांधली, ती इथे लिहिता येत नाही.

त्या दिवसापासून माझ्या पत्त्यांची डबी तिच्याकडे असते. वाजवायच्या वेळी एक मिळते.

* * *

मन मोठं वकील असतं. बिडी सोडून काही महिने झाल्यावर ते रोज नवा मुद्दा काढायला लागलं. आम्ही बौद्ध माणसं, पंचशील रोज म्हणणारी. एका पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर मी सहज विषय काढला. म्हटलं, पाचव्या शीलात सुरामेरय आहे, म्हणजे दारू. बिडी त्यात धरायची की नाही?

चर्चा रंगली. एक जण म्हणाला, नशा ती नशा, बिडी त्यात आलीच. दुसरा म्हणाला, बिडीने कुठे तोल जातो? मला दुसऱ्याचं फार पटत होतं. मी त्याला हळूहळू जोर देत होतो. शेषरावही "बरोबर, बरोबर" करत होता. आता निकाल आपल्या बाजूने लागतो, असं वाटायला लागलं.

बायकांच्या बाजूने सुनंदा उठली. म्हणाली, "पाचव्यात येते का नाई, ते जाणकार पाहतीन. पण यांची बिडी दुसऱ्या शीलात नक्की येते."

दुसरं शील म्हणजे अदिन्नादाना. न दिलेलं घेऊ नये.

"ते कसं?" कुणीतरी विचारलं.

"यांचा बंडल सरला का हे शेषरावभाऊच्या खिशातून न इचारता घेत होते. इचारा त्यायले."

सगळे शेषरावकडे बघायला लागले. शेषराव विहारात बसला होता, खोटं बोलणं चौथ्या शीलात येतं. "हाव," तो म्हणाला, "घेत होता."

चर्चा तिथेच आटोपली आणि खिरीची वाटी फिरली.

* * *

हे सगळं हसण्यावारी गेलं, पण एक शंका हसण्यावारी जात नव्हती. बिडी सोडून माझं वाजवणं बिघडलं होतं. खरंच बिघडलं होतं. सूर कोरडा वाटायचा, वरचा स्वर लागताना कापायचा, आणि तो लांब सूर तर अजूनही अर्ध्यावर तुटायचा. फुंकणाऱ्यांमध्ये एक समज आहे की धूर आत गेला की सूर मऊ होतो. मला वाटायला लागलं, गोडवा माझा नव्हताच, बिडीचा होता. मग बिडी गेली, सूरही गेला, आता हातात राहिलं काय?

तुलसीविवाहाआधी मामांच्या अंगणात आमची तालीम असते. तालीम संपल्यावर मी थांबलो आणि एकदाचं बोलून टाकलं. "मामा, बिडी होती तवा सूर गोड होता. आता नाई लागून राह्यला. एखांदी पेऊन पाहू का?"

मला वाटलं, ते चिडतील. मामा ट्रम्पेट पुसत होते. तसेच पुसत राहिले.

"गोड नोता बे," ते म्हणाले. "असाच होता. पहिले तुले तुहा खोकला आयकू ये. आता सूर आयकू येऊन राह्यला."

"म्हंजे पहिलेपासून असंच वाजवत होतो?"

"हाव."

"मंग बोलले काऊन नाई?"

"खोकणाऱ्याले काय सांगाव? आता कान आले. आता रियाज कर."

आयुष्यात इतका अपमान आणि इतका दिलासा मला एकाच वेळी कधी मिळाला नव्हता. घरी चालत येताना मी वाटेत थांबून चक्क हसलो. पानठेला डाव्या हाताला होता. तो मागे पडल्यावर माझ्या लक्षात आलं की तो येऊन गेला.

* * *

शेवटचा किस्सा शेषरावच्या पोरीच्या लग्नाचा. पूजा त्याची एकुलती एक. लग्न लागलं, जेवणं झाली आणि निघायची वेळ आली. शेषराव सकाळपासून खिसा चाचपत होता, पण त्याने पेटवली नव्हती. मी विचारलं, तर म्हणाला, "आज पोरीच्या अंगाले वास नाई लागू देत."

पूजा आईच्या गळ्यात पडून रडली, बापाच्या पडली आणि गाडीत बसली. मामांनी मला डोळ्याने खूण केली. सुनंदाने डबीतली पत्ती काढून दिली. मामांनी नेहमीसारखं ट्रम्पेट ओठांजवळ आणून ठेवलं, माझा दम संपला की मिसळायला. मी सूर लावला.

आणि गाडी सुरूच होईना.

ड्रायव्हरने किल्ली फिरवली, पुन्हा फिरवली. गाडी नुसती खाकरायची. नवरदेवाचा भाऊ ओरडला, "धक्का माराव लागते." वऱ्हाडी सगळे ठेवणीतल्या कपड्यांत. धक्का कोण मारणार? मामा आणि मी सोडून आमच्या बँडने वाद्यं खाली ठेवली आणि सगळे गाडीच्या मागे लागले. शेषरावही. फेटा सावरत, रडत, स्वतःच्या पोरीची गाडी ढकलत तो मोठ्याने म्हणत होता, "दुनिया पोरीले लाडानं पाठोते. मी तं ढकलून पाठून राह्यलो."

मागच्या काचेतून पूजा बघत होती, एकाच वेळी हसत आणि रडत. मी एकटा वाजवत उभा होतो. मामांनी ट्रम्पेट ओठाला लावलं. मी मानेने नको म्हटलं. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि ट्रम्पेट खाली घेतलं.

गाडीने एक उसळी मारली, सुरू झाली, धूर सोडत रस्त्याला लागली. शाळा गेली, विहिरीचा चौक गेला. वळण आलं. गाडी वळली. धूळ खाली बसली. ढकलणारे धापा टाकत परत आले, शेषराव रस्त्यातच खाली बसला, आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मामांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"तोड बे आता," ते म्हणाले. "पोरगी सासरी पोचून च्या पेऊन राह्यली असन."