अमावस्येला नाशिक पाहणारे मामा

नाशिक शहर नीट पाहिलेला माणूस माझ्या माहितीत एकच, आणि तो नाशिकचा नव्हता. ते पिंपळगाव बसवंतचे माझे मामा. आम्ही गंगापूर रोडला राहून जन्मभर नाशिककर म्हणून मिरवलो, पण गोदाकाठच्या कुठल्या भेळभत्तेवाल्याची मिरची जिभेला लागते आणि कुठल्याची थेट कानाला, हे आम्हाला मामांकडून कळलं. मामा एका कांदा व्यापाऱ्याकडे माल पारखायला होते. लिलावात उभ्या असलेल्या ट्रॅक्टरवर चढायचं, वरचे चकचकीत कांदे बाजूला सारायचे, कोपरापर्यंत हात आत घालायचा, तळाचा कांदा ओढून काढायचा, दाबायचा, हुंगायचा आणि मालकाला नुसत्या भुवईनं काय ते कळवायचं, हे त्यांचं रोजचं काम. "वरचा थर विकणारा दाखवतो, खालचा आपण बघायचा," असं ते म्हणत. आणि हा नियम त्यांनी कांद्यापुरता ठेवला असता तर मला हा लेख लिहावाच लागला नसता.

अमावस्येला बाजार समितीत लिलाव बंद, म्हणून मामांची सुट्टी अमावस्येला. ज्या दिवशी शहाणी माणसं नव्या कामाला हात लावत नाहीत, प्रवासाला निघत नाहीत, नेमक्या त्या दिवशी सकाळच्या एसटीनं मामा आमच्या दारात उभे. पांढरा पायजमा, पांढरा शर्ट, टोपी आणि सगळ्याला मिळून कांद्याचा मंद वास. आई दरवेळी म्हणायची, "दादा, अरे आजच्या दिवशी कुणी घराबाहेर पडतं का?" त्यावर मामांचं उत्तरही ठरलेलं, "म्हणून तर एसटीत खिडकी भेटती, बाई." चहा झाला की ते माझ्या स्कूटरकडे बघत आणि मला म्हणत, "चला भाचेबुवा, शहर बघू." नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी कॉलेजात होतो. महिन्यातला हा एक दिवस माझा अभ्यास बुडायचा, आणि खरं सांगायचं तर बाकीचे एकोणतीस दिवस मी त्याची वाट बघायचो.

मिसळ खाणं हा इतरांचा दहा मिनिटांचा कार्यक्रम. मामांना त्याला तास लागे. मिसळ समोर आली की आपण तर्री बघून खूश होतो. मामा मात्र चमचा सरळ तळाला घालत, खालची मटकी वर काढून उजेडात धरत आणि तिचा मोड किती वाढलाय ते बघत. मग मालकाला बोलावून मटकी कुठली, मसाला कोण भाजतं, शेव घरची की बाहेरची, अशी चौकशी. एकदा तर ते उठून थेट भटारखान्यात शिरले. कुणीतरी तपासणीला आलं असं वाटून मालकानं टेबलावरचं फडकं बदललं आणि आमच्यासमोर न मागता दोन दही आणि दोन पापड ठेवले. मामांनी पापडसुद्धा मोडून मधून बघितला. जिलेबीवाल्याकडे ते वेढे मोजत. लाज वाटून मी स्कूटरपाशी जाऊन उभा राहिलो की मामा आतून हाक मारत, "भाचेबुवा, इकडं या, हिचा पाक आतपर्यंत गेलेला नाय!" दुकानातली सगळी गिऱ्हाइकं आपापली जिलेबी मोडून बघू लागत.

पण खरी मजा चित्रांच्या प्रदर्शनात. एका तरुण चित्रकारानं पहिलंच प्रदर्शन मांडलं होतं, आणि अमावस्या असल्यामुळे की काय, सकाळपासून एक माणूस फिरकला नव्हता. मामा आत गेले, पहिल्या चित्रापुढे दोन मिनिटं उभे राहिले आणि मग त्यांनी ते भिंतीवरून हलक्या हातानं पुढे ओढून त्याची मागची बाजू बघितली. चित्रकार धावत आला. मामा त्याला म्हणाले, "कापड चांगलं ताणलंय तुम्ही. मागून कळतं." पोरगा जरा सुखावला. अशी सात चित्रं मागून-पुढून बघून झाली आणि आठवं निघालं नेमकं कांद्याचं. टोपली, टोपलीत कांदे, खिडकीतून पडलेलं ऊन. मामांनी वाकून टोपलीतला एकेक कांदा बघितला. शेवटी अगदी आपुलकीनं म्हणाले, "रंग झकास. पण या कांद्यांची मान जाड हाय. साठवले तर महिन्यात सडतील." चित्रकाराला वाटलं टिंगल चाललीये. मग मामांनी खिशातून कांदा काढला. त्यांच्या खिशात तो कायम असे. त्यांनी त्याला बारीक मानेचा कांदा कसा असतो, साल किती पदरी, मुळ्या कशा कापलेल्या, हे सगळं नीट समजावलं आणि तो कांदा त्याच्या हातात ठेवून आले. पुढच्या अमावस्येला चित्रकारानं आम्हाला मुद्दाम बोलावून ते चित्र दाखवलं. सगळ्या माना बारीक केल्या होत्या. मामा म्हणाले, "आता हा कांदा दिवाळीपर्यंत बघायला नको."

नाटकाचंही तेच. मध्यंतरात सगळे बटाटावड्याच्या रांगेत उभे असताना मामा रंगमंचाच्या मागे गेले. पहिल्या अंकात वारलेल्या सासूबाई तिथं चहा पीत बसल्या होत्या. मामांनी त्यांना नमस्कार करून विचारलं, "आता बरं वाटतंय ना?" आणि मग त्यांच्या लुगड्याचा काठ बोटांनी चाचपून तो कुठला ते विचारून घेतलं. पुढे महामार्गावरच्या एका हॉटेलात नाचायची खोली निघाली, तर मामांना तीही बघायची होती. आम्ही गेलो तेव्हा दिवेलागणच होत होती, आत कुणी नव्हतं. पण वेटर मोठा हौशी. त्यानं छताला टांगलेला आरशांचा गोळा फिरवून दाखवला आणि स्वतः दोन पावलं नाचूनही दाखवलं. मामांच्या टोपीवर लाल-निळे ठिपके फिरत होते. ते म्हणाले, "इथं येऊन समदे नाचतात व्हय? मंग बघतं कोण?" वेटरनं नाच थांबवला आणि गोळा बंद केला.

मामांना एवढ्या बारीकसारीक गोष्टी कशाला लागतात, हे मला पुष्कळ दिवस कळलं नाही. ते कळलं, एकदा त्यांच्याबरोबर एसटीनं पिंपळगावला गेलो तेव्हा. जेवणं झाली. मामी परातीत तांदूळ घेऊन निवडायला बसली आणि म्हणाली, "हं, सांगा. एसटीतून उतरले तिथून सांगा."

मामीला गाडी लागायची. लागायची म्हणजे नुसतं मळमळणं नव्हे. लग्नानंतर एकदा एसटीनं नाशिकला निघाली ती वाटेतल्या ओझरपर्यंत अशी बेजार झाली, की तिथून मामा तिला बैलगाडीत घालून परत घेऊन आले. त्यानंतर लिंबू झालं, आवळासुपारी झाली, पोटाला ओला फडका बांधून झाला. काही उपयोग झाला नाही. तीस किलोमीटरवरचं नाशिक तिच्यासाठी काशी-रामेश्वराइतकं लांब राहिलं. म्हणून मामा दर अमावस्येला तिच्या वतीनं नाशिक बघून येत आणि तिला आणून सांगत. मामी काही साधी श्रोती नव्हती. "मटकीला मोड केवढा होता? सासूच्या पातळाचा काठ कोणता? ती मेली तव्हा सून खरंच रडली का नुसता पदर लावला?" आणि एखादं उत्तर मामांना आलं नाही की परात खाली ठेवून म्हणायची, "मंग काय बघून आले?"

मी मात्र त्या रात्री थक्क होऊन ऐकत होतो, कारण मामा सांगत होते ते नाशिक मी कधी पाहिलेलं नव्हतं. नाट्यगृहाला दोन माड्या फुटल्या होत्या. नाचायच्या खोलीत हजार दिवे लागले होते. मिसळीच्या तर्रीत माणसाला आपलं तोंड दिसत होतं, आणि माझी जुनी स्कूटर ट्रकांना मागे टाकत होती. मध्येच मामीनं विचारलं, "काय वो, नाशकात चंद्र नसतो का? इतक्या वर्षांत तुमच्या सांगण्यात एकदाबी आला नाय." अमावस्येशिवाय कधी नाशिक न पाहिलेले मामा क्षणभर गडबडले. मग म्हणाले, "दिवेच इतके हायेत, त्याचं काम पडत नाय." मी हसू दाबलं. मामीचे डोळे चमकत होते, आणि ती तांदूळ निवडायचं विसरली होती.

असं दहा वर्षं चाललं. मी नोकरीला लागलो तरी अमावस्येची रजा टाकायचो. आणि एक दिवस मामा भलत्याच तिथीला, भर लिलाव सोडून, माझ्या ऑफिसात आले. चेहरा उतरलेला. "भाचेबुवा, घोटाळा झाला. तुझी मामी नाशिक बघायला येती." झालं होतं असं, की मामी कुठल्याशा लग्नाला शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरमागच्या उघड्या ट्रॉलीत बसून गेली आणि तिला काहीही झालं नाही. वारं लागत होतं म्हणा, बंद काचा नव्हत्या म्हणा. आता ती म्हणत होती, पुढच्या अमावस्येला ट्रॅक्टर रिकामाच असतो, मला न्या.

"मग चांगलंच झालं की," मी म्हणालो.

"काय चांगलं?" मामा म्हणाले. "दहा वर्षं मी तिला निसता वरचा थर दाखवला. तिनं खाली हात घातला तर?" मी हसलो. मामा हसले नाहीत. हळूच म्हणाले, "तिला वाटंल, हा माणूस खोटं सांगत आला. आन हे खोटं, तर बाकीचं तरी खरं कशावरून?" त्यांनी खिशातला कांदा काढला आणि न बघताच परत ठेवला.

मग आमची तयारी सुरू झाली. मिसळवाल्याला भेटून तर्री दुप्पट टाकायला सांगितलं. नाट्यगृहाच्या दरवानाला मामांनी विनवलं, की त्या दिवशी दिवे जरा जास्त लावा. अमावस्येच्या आदल्या दिवशी मी पिंपळगावला गेलो. सकाळी ट्रॉलीत गोणपाटं अंथरली, त्यावर खुर्ची ठेवली आणि खुर्चीवर नव्या लुगड्यातली मामी बसली. मामा ट्रॅक्टर चालवणार आणि मी वेळप्रसंगाला बादली घेऊन शेजारी. महामार्गावरून आमची वरात निघाली. मागून कांद्याची पातळ सालं उडत होती आणि मामी दोन्ही बाजूंना बघत राणीसारखी बसली होती. ओझरला बादली लागली. पण ती मला. मामी पाठीवर हात फिरवत म्हणाली, "होतं रे दादा असं. लांब बघ."

नाशिकला पोचल्यावर आधी मामीला मिसळवाल्याकडे नेलं. मिसळ खाल्ली, "बरी हाय" म्हणाली. दुपारच्या नाटकाला नाट्यगृहात शिरताच तिनं मान वर करून बघितलं आणि एवढंच म्हणाली, "माडी एकच हाय." मामा घाईनं म्हणाले, "दुसरी दुरुस्तीला काढली." मला जमिनीत जावंसं वाटलं. नाटकभर मामांनी रंगमंचाकडे बघितलंच नाही, ते मामीकडे बघत होते. संध्याकाळी आम्ही गोदाकाठी गेलो. काठावर दिवे लागत होते, पाणी बेताचंच होतं. पायऱ्यांवर भेळभत्ता घेऊन बसलो. मी जरा वरच्या पायरीवर.

पुडा अर्धा संपल्यावर मामी म्हणाली, "तुम्ही सांगायचे त्याच्या निम्मंबी नाय इथं."

मामा पाण्याकडे बघत होते. "नाय," ते म्हणाले. "थोडं वाढवून सांगितलं."

"थोडं?"

"लय."

मामीनं भत्त्यातली मिरची शांतपणे चावून खाल्ली. मग म्हणाली, "आन मी आपली घरात बसून विचारायची, मंग काय बघून आले. येवढ्याशा गावातून तुम्ही माझ्यासाठी येवढं शहर कसं वो काढलं?" आणि तिनं आपल्या पुड्यातला मूठभर भत्ता त्यांच्या पुड्यात ओतला. मामांनी टोपी काढली, उगाचच झटकली आणि परत घातली. "मिरची तिखट हाय इथली," ते डोळे पुसत म्हणाले. मला त्या दोघांचा इतका हेवा वाटला की काय सांगू.

पुढच्या महिन्यात मी पिंपळगावला गेलो तर ओटीवर शेजारपाजारच्या सात-आठ बायका जमलेल्या. मध्ये मामी. ती नाशिक सांगत होती. नाट्यगृहाला तीन माड्या होत्या. गोदावरीचा पलीकडचा काठ दिसत नव्हता. नाटकातली बाई मामीकडे बघूनच रडली होती. मामा कोपऱ्यात बसून तोंड उघडं टाकून ऐकत होते. मला जवळ ओढून ते कानात म्हणाले, "भाचेबुवा, खरंच येवढं मोठं होतं का रे?"

"होतं मामा," मी म्हणालो.

मामांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. महामार्ग रुंद झालाय, मामीच्या सुना आठवड्यातून दोनदा मोटारीनं खरेदीला नाशिकला येतात. तरी संध्याकाळी मामी सांगू लागली की त्या मुकाट्यानं ऐकतात, एक अक्षर खोडून काढत नाहीत. मीही अधूनमधून जाऊन ऐकतो. जन्मभर मी याच शहरात राहिलो, पण ते बघावंसं वाटलं की मला पिंपळगावची गाडी पकडावी लागते.