शेंगा सोलता सोलता इंग्रजी

राजापेठेत माझ्या पुढच्या खोलीत दुपारी बायकांसाठी इंग्रजीचा क्लास चालतो. आमच्या गल्लीत क्लासेसना तोटा नाही, पण मध्ये परात मांडून शिकवणारी मी एकटीच असेन. हिवाळ्यात तुरीच्या हिरव्या शेंगा बाजारात आल्या की बायकांना दुपारची फुरसत नसते. म्हणून मी एकदा सांगून टाकलं, शेंगा इथंच घेऊन या, हात सोलतील आणि तोंड इंग्रजी बोलेल. हात कामात असले की चुकायची भीती कमी वाटते. शाळेतल्या नोकरीत मला हे कधी दिसलं नाही, कारण तिथं हाताची घडी घालून बसायची शिस्त होती.

चुका मात्र भरघोस होतात. एकजण शेजारणीकडून साखर उसनी आणते आणि इंग्रजीत ती ‘लेंड’ करते. दुसरी नवऱ्याला स्कूटर ‘लर्न’ करते. मी चिडते, त्या हसतात, परात भरत जाते. मला या दुपारी फार आवडतात.

यंदा एक नवी बाई आली. तिच्या नवऱ्याचं परतवाड्याला सीट कव्हरचं दुकान आहे आणि मुलगी इथल्याच इंग्रजी शाळेत सहावीत शिकते. पहिल्याच दिवशी मान खाली घालून सोलत ती म्हणाली, “मॅडम, पोरगी मांगच्या बाकावर बसते. तिले फळा दिसत नाही. पालकसभेत जाऊन मले टीचरले तेवढंच सांगाचं आहे. पण पोरगीच म्हणते, अम्मी, तुम मत आना, अब्बू को भेजना.”

“मग त्यांना सांगायला लाव ना.”

“ते जातात, सही करतात आन् येऊन जातात.”

पोटची पोर म्हणते तू येऊ नको, हे ऐकून मला वाईट वाटलं आणि रागही आला. त्या दिवसापासून आम्ही सगळ्या तिच्या एका वाक्याच्या मागे लागलो. मुलीला फळा ‘सी’ करता येत नाही, एवढंच म्हणायचं होतं. ती दर वेळी ‘वॉच’ म्हणायची. आता लुक काय, सी काय आणि वॉच काय, आपल्याकडे तिन्हीसाठी पाहणंच, तिचा तरी काय दोष. तरी मी टोकायचीच, “फळ्यावर काय मॅच चालू आहे?” ती मनापासून हसायची आणि पुन्हा वॉचच म्हणायची. शेवटी मी नाद सोडला. म्हटलं, “वॉच तर वॉच, पण जा आणि बोल.”

सभेच्या दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी हजर झाली.

“वर्गाबाहेर लाईन होती मॅडम. मले घाम फुटून राहिला होता. पर्समंदी शेंगा नेल्या होत्या, त्या काढल्या आन् बाकड्यावर सोलत बसली. बाकीच्या बाया पाहून राहिल्या होत्या. पोरगी तर लाजून पार जिन्यापाशी जाऊन उभी राहिली.”

“पण बोललीस का?”

“बोलली ना. वॉच म्हटलं का सी, काही याद नाही. टीचर म्हणल्या, उद्यापासून पुढं बसवतो.”

मला इतका आनंद झाला की मी तिला चहा विचारायचंही विसरले. तिनं पर्समधून गाठ मारलेला रुमाल काढून परातीशेजारी ठेवला. आत तुरीचे हिरवेगार दाणे होते.

“एवढे सगळे तू तिथं बसून सोललेस?”

“नाही. आमचा नंबर लागाच्या आधीच पोरगी जिन्यापासून परत आली. बाजूले बसली आन् माझ्या हातातल्या अर्ध्या शेंगा घेतल्या. सगळ्यांसमोर सोलल्या.”

मी रुमाल तिच्याकडे सरकवला. “हे परातीत नको. घरी ने आणि तिलाच करून घाल.”

तिनं तो परत माझ्यापुढे ठेवला. “गाठ तिनंच मारली मॅडम. म्हणे, अम्मी, ये तुम्हारी मॅडम को देना.”