मामाच्या हाताला कुणी हात लावायचा

माझ्या मामाच्या उजव्या मनगटावर पांढरा डाग आला तेव्हा तो चिंचोक्याएवढा होता. घरात त्याच्याविषयी जेवढं बोललं गेलं, त्यावरून तो परातीएवढा असावा असं कुणालाही वाटलं असतं. मामी आधी म्हणाली, चुना लागला असेल. मग म्हणाली, भाजलं असेल. दिवाळीपर्यंत डाग पंजावर उतरला, दोन बोटांवर गेला, आणि मामी काही म्हणेनाशी झाली. तिने फक्त मामाचा तांब्या वेगळा ठेवला.

मामा माळी. राजापेठेच्या पलीकडे तेव्हा मळेच मळे होते, त्यातला एक त्याचा. वांगी, मेथी, आणि बांधाच्या कडेने शेवंती. भाजीपेक्षा त्याचं नाव फुलांमुळे होतं. लग्नसराईत अर्ध्या अमरावतीचे नवरदेव त्याने ओवलेले हार घालून मिरवत. आता बायका पाटीपुढे थांबत, फुलं बघत, मग हात बघत आणि "येतो मागून" म्हणून पुढच्या माळणीकडे जात. एकीने तोंडावरच विचारलं, "हे देवाले चालन का?"

"देवाले इचारून सांगतो," मामा म्हणाला.

असा तो विनोदी माणूस होता. पण लेकीचं लग्न तिवशाला ठरलेलं होतं, आणि डागाची बातमी तिवशाला पोचल्यावर त्याचा विनोद आटला. व्याही आमच्याच जातीचे, पण काळ्या जमिनीचे. त्यामुळे उभे असले तरी खुर्चीत बसल्यासारखे बोलत. त्यांनी निरोप धाडला: हे कोड आहे की महारोग, ते आम्हाला समजत नाही. सोयरीक मोडत नाही. पण कन्यादान मुलीच्या काकाने करावं आणि बापाने मांडवात येऊ नये.

"पोरीचा हात म्या नाही देल्ला, तर मी बाप कायचा?" मामा म्हणाला. तो एवढंच म्हणाला आणि मोटेकडे निघून गेला.

मी नुकताच मॅट्रिक होऊन शाळेत मास्तर झालो होतो. वाचनालयातली बरीच जाड पुस्तकं वाचल्यामुळे माझा कशावरच विश्वास उरला नव्हता. घरात याला इंग्रजी येणं म्हणत. म्हणून अकोल्याला कोणी गोरे उपदेशक येत आहेत आणि ते नुसता हात ठेवून दुखणी बरी करतात, अशी बातमी आली तेव्हा मामीने मलाच पकडलं.

"तुले साहेबाची बोली समजते. घेऊन जाय मामाले."

"मामी, असं हात ठेवून काही होत नसतं."

"मंग तुही पुस्तकं ठेव त्याच्या हातावर. त्यानं होते का पाह्यतो मी."

मी गाडीची वेळ विचारून आलो. एक अडचण मात्र खरी होती. आमच्याकडे सर्वांचा पक्का समज असा की पाद्र्याने डोक्याला हात लावला की माणूस बाटतो. पाणी लागत नाही, पाव लागत नाही, नुसता हात पुरतो. त्यामुळे जायचं ते गुपचूप ठरलं. बडनेऱ्याच्या स्टेशनावर भेटलेल्या पहिल्याच माणसाने विचारलं, "काय, साहेबाकडं का?"

अकोल्याला मोठा मांडव होता. पुढे वेताच्या खुर्च्या, त्यामागे बाकं, त्यामागे सतरंजी आणि सतरंजीच्या मागे आजारी माणसं. ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप होता, ते सर्वांत शेवटी का, हे मला कळलं नाही; पण कचेरीतही तसंच असतं, म्हणून कुणाला नवल वाटलं नाही. पेटी वाजली. बऱ्याच मोठ्या लोकांनी बऱ्याच मोठ्या लोकांचे आभार मानले. उपदेशकाशेजारी एक दुभाषा होता, त्याचं मराठी पुण्याहून थेट आणलेलं. तो रुग्णांना सांगू लागला, "आपापले शिरोवेष्टन उतरवून नम्रतापूर्वक अग्रेसर व्हा."

"काय म्हनते हा?" मामाने विचारलं.

"पागोटं काढ म्हणतो."

मामाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला धोतर सोडायला सांगतो आहे. "माय मेली तवा उतरवलं होतं. मोठ्या मानसापुढं बोडक्यानं जाऊ? लाज नाही का मले?"

साहेबाच्या धर्मात डोकं उघडं करणं म्हणजे आदर. आमच्या वऱ्हाडात ते सुतक. मामा आदराने, पागोट्यासकट, ताठ मानेने पुढे गेला. साहेब चांगला माणूस होता, घामाने भिजला होता आणि त्याच्यापुढे पन्नास जण होते. त्याने पागोट्यावर हात ठेवला, डोळे मिटले, दोन वाक्यं म्हटली आणि पुढच्याकडे वळला. मामाचा हात, ज्यासाठी आम्ही आलो होतो, तो मामाच्या पाठीमागेच राहिला. दाखवायची त्याला हिंमत झाली नाही.

परतीच्या गाडीत मूर्तिजापूरपर्यंत मामा दर स्टेशनला हात उजेडात धरून बघत होता. त्यानंतर त्याने तो उपरण्यात गुंडाळला.

दोन दिवसांनी जातीचे पंच बसले. प्रश्न असा, की मामा बाटला की नाही? हात पागोट्याला लागला, पागोटं डोक्याला लागलं होतं. एक म्हातारा म्हणाला, विटाळ कापडातून जातो. दुसरा म्हणाला, सुती कापडातून जातो, पण पागोट्याचे घेर मोजा, एवढ्यातून तो कसा उतरेल? पागोटं मागवलं गेलं, उलगडलं गेलं, हातांनी मोजलं गेलं. मी आयुष्यात ऐकलेला तो सर्वांत विद्वत्तापूर्ण वाद होता. शेवटी निवाडा झाला: पागोटं धुवावं, माणूस धुवायची गरज नाही.

मामी स्वयंपाकघराच्या दारातून ऐकत होती. ती म्हणाली, "म्हनूनच गुन आला नाही. हात अंगाले पोचलाच नाही तर होईन कसा?"

मी हसलो. मग लक्षात आलं, की हसायला काही कारण नव्हतं. त्या वर्षात मामाच्या अंगाला कुणाचाच हात पोचला नव्हता. मामी त्याला भाकर वरून टाकत होती. मीसुद्धा गाडीत त्याच्या डाव्या बाजूला बसलो होतो, आणि ते मुद्दाम.

अमरावतीत मिशनचा एक छोटा दवाखाना होता. तिथली डॉक्टरीण बहुतेक दौऱ्यावर असे. दवाखाना चालवत एक ख्रिस्ती परिचारिका. पन्नाशीच्या, अकोल्याकडच्या एका खेड्यातल्या, पांढरं लुगडं, आणि बोलणं अस्सल गावचं. त्यांना सगळे नुसतं बाई म्हणत. मी मामाला तिथे नेलं, ते एवढ्याचसाठी, की तिवशाला दाखवायला एखादा कागद मिळेल.

बाईंनी हात मागितला. मामाने उपरण्यासकट पुढे केला.

"मले उपरनं नाही पाह्यचं. उघडा."

त्यांनी डागावर सरळ आपली बोटं ठेवली, पीठ मळून झालं का बघावं तशी. मग मामाचे डोळे फडक्याने बांधले आणि कोंबडीचं एक पीस घेतलं. "लागलं का बोट दाखवा." पीस डागाच्या मधोमध टेकलं. मामाने बरोबर तिथे बोट ठेवलं. मग कडेला, मग मनगटावर, मग बोटाच्या पेरावर. दहा वेळा टेकवलं, दहा वेळा मामाने जागा दाखवली.

"महारोगात डाग मरते, त्याले लागत नाही. याले तर पीसबी लागते. हे कोड आहे. औषध नाही याले. पसरलं तर पसरन, तुमचं काही बिघडत नाही, कोनाचंच बिघडत नाही."

एवढं सांगून त्यांनी मामाचा तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि डोळे मिटून हळूच प्रार्थना केली. ती घाईची नव्हती. मामाच्या डोळ्यांवरचं फडकं अजून सुटलं नव्हतं, आणि ते सुटू नये असंच त्याला वाटत असावं. कारण सोडलं तेव्हा ते ओलं होतं.

"बाईचे हात थंडे आहेत," बाहेर येऊन तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी तो मला न सांगता परत गेला. तिसऱ्या दिवशी जाताना शेवंतीची फुलं घेऊन गेला.

मला राहवेना. मी बाईंना गाठून म्हटलं, "औषध नाही म्हणता, डाग जाणार नाही म्हणता, मग प्रार्थना कशाची?"

त्या पट्ट्या गुंडाळत होत्या. "तुमी मास्तर ना? मंग ऐका. आमच्या प्रभूजवळ एक महारोगी आला होता. नुसतं बोलले असते तरी तो बरा झाला असता. पन त्यायनं आधी हात लावला. काहून लावला?"

"काहून?"

"मलेच पुसता! त्याले कितीक दिवसांत कोनी लावला नव्हता म्हनून. मले वाटते तो तिथंच अर्धा बरा झाला. राह्यलेलं अर्धं देवाचं काम, माझ्याकडं अर्धंच आहे."

मी वाद घालण्याच्या तयारीने गेलो होतो. पण अर्ध्याच कामाचा दावा करणाऱ्या माणसाशी वाद कसा घालायचा, हे मला अजून माहीत नाही.

कागदावर सही करायला डॉक्टरीण नव्हती. बाई म्हणाल्या, "कागद कायले? व्याह्यालेच आना."

व्याही आले, पण दवाखान्याच्या बाकावर बसेनात. बाक मिशनचं होतं. ओसरीच्या कडेला उकिडवे बसून त्यांनी सगळा तपास पाहिला. मामाने पुन्हा प्रत्येक जागा बरोबर दाखवली.

"फडक्याखालून पाहून राह्यले ते," व्याही म्हणाले.

"मंग तुमी बसा," बाई म्हणाल्या. "तुमच्याच शेल्यानं बांधते डोळे."

माघार घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ते पुढे सरकले, डोळे बांधले गेले, तळहात पसरला. बाईंनी मधोमध पीस टेकवलं. व्याही शांत. बाईंनी ते दुसऱ्या बाजूला टेकवलं, मग बोटांच्या मुळाशी.

"लावा ना आता," व्याही म्हणाले.

"तीनदा लावून झालं."

मग मामा अत्यंत गंभीरपणे म्हणाला, "मास्तर, लेहून घे. कन्यादान पोरीच्या बापानं करावं. नवरदेवाच्या बापानं मांडवात येऊ नये."

मी हसू दाबायला तोंडावर हात धरला. पण व्याह्यांचा चेहरा पाहिला आणि हसू गेलं. खुर्चीतल्या माणसाची खुर्ची कुणी तरी खरंच काढून घेतली होती. ओठ पांढरे पडले होते. "बाई," ते म्हणाले, "मले... मले झालं का ते?"

"अवो बाप्पा, वखराचे घट्टे आहेत हे! तुमच्या हातावर पीस काय, खिळाबी नाही लागायचा." बाईंनी तो हात उलटा केला आणि मागच्या बाजूला पीस टेकवलं. व्याही विंचू चावल्यासारखे उडाले. बाई हसल्या, पण हात सोडला नाही. मामाचा धरला होता तसाच दोन्ही हातांत धरून त्यांनी त्याच शब्दांत प्रार्थना केली. आपण बाटतो आहोत हे व्याह्यांच्या ध्यानात आलं असेल तरी ते बोलले नाहीत.

शेला सुटला. व्याह्यांनी आपला हात उलटापालटा करून पाहिला. मग, इतक्या लोकांतून, त्यांनी तो मामापुढे केला. "व्याही, पाहा बरं. थंडा पडला का माझा हात?"

मामाने तो हात घेतला. डाव्या हातात त्याची काठी होती, त्यामुळे उजव्यानेच घेतला.

"थंडा नाही," तो म्हणाला. "घाम फुटला नुसता."

दोघे तसेच उभे राहिले. कोणी काही विसरलं होतं की दोघांनाही सगळं आठवत होतं, हे मला ओळखता आलं नाही. बाई केव्हाच आत पुढच्या माणसाची जखम धुवायला गेल्या होत्या.

लग्न आमच्या मळ्यातच झालं. तोवर डाग कोपराकडे चढला होता, आणि तिवशाच्या वऱ्हाडातल्या एका म्हाताऱ्याला तो दिसलाच.

"मुलीच्या बापाच्या हाताले काय झालं हो?" त्याने व्याह्यांना विचारलं.

"कोड."

"अन् तुमी चालू देता?"

"त्यायच्या हाताले सगळं लागते," व्याही म्हणाले. "आना तुमचा हात, तुमाले लागते का पाहू." म्हाताऱ्याने हात खिशात घातला आणि तो जेवणापर्यंत बाहेर काढला नाही.

मामी पाणी घालत होती. मामाच्या ओंजळीतून ते मुलीच्या ओंजळीत, तिथून नवरदेवाच्या ओंजळीत पडत होतं. मग मुलीचा हात नवरदेवाच्या हातात द्यायची वेळ आली. मामाने तो पांढऱ्या बोटांत धरला, दिला, आणि आपला हात त्या दोघांच्या हातांवर तसाच ठेवला. मंत्र संपले. अक्षता संपल्या. भटजींना पुढचं लग्न गाठायचं होतं.

"झालं यजमान, सोडा आता हात," भटजी म्हणाले.

"सोडतो ना," मामा म्हणाला, आणि सोडला नाही.