जांभळ्या खोलीतली मिरची

थोरल्या भावाची पिशवी आमच्याकडे कधी पूर्ण रिकामी झालीच नाही. वहिनी गेल्या, पाठोपाठ त्याच्या छातीचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बजावलं, आता यांना एकटं ठेवू नका. म्हणून आर्वीकडच्या गावातून त्याला आम्ही वर्ध्याच्या आमच्या फ्लॅटवर आणलं. जन्मभर त्यानं मिरची आणि वांगी पिकवून आर्वीच्या बाजारात विकली होती. इथे तिसऱ्या मजल्यावर त्याला कामं दोनच: खिडकीतून खाली पाहायचं आणि "उद्या जातो मी" म्हणायचं. धुतलेला पायजमा वाळला की घडी होऊन परत पिशवीत जायचा. एक दिवस हा खरंच निघून जाईल आणि त्या बंद घरात एकटा राहील, ही आम्हा नवराबायकोची कायमची धास्ती होती.

माझ्या बायकोशी तो थेट बोलत नसे. भासऱ्यानं, म्हणजे थोरल्या दिरानं, धाकट्या भावाच्या बायकोशी बोलायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. ती समोर उभी राहून वाढत असली तरी तो माझ्याकडे पाहून म्हणे, "त्यायले सांग, भाजी मस्त झाली." तीही मलाच म्हणे, "त्यायले इचारा, आणखी वाढू का?" पोस्टखात्यात मी कधी नोकरी केली नाही, पण अनुभव भरपूर मिळाला.

अशात पुण्यात राहणाऱ्या आमच्या मुलीनं एक खोकं पाठवलं. घरात, मातीविना मिरची लावायचं सामान. प्लास्टिकची टाकी, रोपं बसवायच्या जाळीच्या वाट्या, खताच्या पाण्याच्या बाटल्या, माशांच्या टाकीत असतो तसा बुडबुडे सोडणारा पंप आणि वर टांगायचा जांभळा दिवा. सोबतच्या पुस्तिकेत शेतीचं भवितव्य बदलण्याची भाषा होती. टाकी गॅसच्या शेगडीएवढी होती.

"माती नाई?" भावानं विचारलं.

"नाही."

"ऊन?"

"हा दिवा."

"मंग हे झाड होय का पेशंट?"

सामान त्याच्याच खोलीत मांडलं, कारण रिकामा कोपरा तिथेच होता. पहिले काही दिवस त्यानं टाकीकडे पाठ फिरवून झोप काढली. मग एका सकाळी पाहतो तर रोपांवर टेबलफॅन लावलेला. "पोरायले हवा तर लागू दे," तो म्हणाला. "उद्या जातो"चं हळूहळू "फुलं आली का जातो" झालं. फुलांनी घाई करू नये, एवढीच आमची इच्छा होती.

आमच्या कॉलनीच्या अध्यक्षांना सत्काराचं व्यसन आहे. कोणी निवृत्त झालं, कोणी दवाखान्यातून परतलं, की यांची शाल तयार. त्यांच्या कानावर मिरचीची बातमी गेली आणि माझा भाऊ बसल्या जागी प्रयोगशील शेतकरी झाला. रविवारी, टाकीसमोरच, सत्कार ठरला.

भाऊ लाजला, पण काळजीतही पडला. रोपं त्याला काटकुळी वाटत होती. "नुसत्या मीठपाण्यावर ठेवलं त्यायले," खताच्या बाटल्यांकडे बोट करून तो म्हणाला. त्यानं गावी फोन केला. आर्वीच्या गाडीनं, कंडक्टरच्या हाती, घट्ट झाकणाचा एक डबा आला. त्यात जीवामृत होतं: शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन आंबवून केलेलं. शेतात त्यावर पीक उभं राहतं, हे त्याला ठाऊक होतं. पाहुण्यांसमोर झाडं ताजी दिसावीत म्हणून आम्हाला न सांगता त्यानं त्यातलं लोटाभर टाकीत ओतलं.

रविवारी ती खोली माणसांनी भरली. दिव्याखाली सगळे वांग्याच्या रंगाचे दिसत होते. भावाच्या खांद्यावर शाल, हातात नारळ. अध्यक्ष म्हणाले, "बंधूंनो, शहरात येऊनही यांनी आपल्या मातीचा सुगंध..."

सुगंध तोवर सोफ्यापर्यंत पोचला होता.

"गटार तुंबलं का व?" मागून एका बाईंनी विचारलं.

अध्यक्षांनी भाषण पूर्ण केलं, हे त्यांच्या निष्ठेला शोभून दिसलं. फोटो मात्र बाल्कनीत झाले. लोक गेल्यावर भावानं टाकीचं झाकण उचललं. आत फेस दाटला होता, पंप बंद पडला होता, मुळं काळी आणि बुळबुळीत झाली होती.

त्यानं शाल काढून पलंगावर ठेवली आणि पिशवीची चेन ओढली. "उद्या पयल्या गाडीनं जातो." या वेळी तो खिडकीकडे गेला नाही.

बायकोनं रोपं उचलून बाथरूममध्ये नेली होती. तिथून तिचा आवाज आला. "भाऊजी, हे मुळं धुवाले मले जमून नाई राह्यले. तुमी या."

मी निरोप पोचवायला सवयीनं उभा राहिलो. निरोप मला नव्हताच. भाऊ जरा वेळ दारात थांबला, मग आत जाऊन पाटावर बसला.

"नळ जोरात नका सोडू, बाई. मुळी तुटते."

बरीचशी रोपं टाकून द्यावी लागली. एक जरा बरं होतं.

"हे जगन का?" तिनं विचारलं.

"पाह्यलं पायजे."

"पाह्यले कोन थांबन?"

सकाळी पहिली गाडी गेली, दुसरीही गेली. तो टाकी घासत बसला होता.

त्या एका झाडाला पुढे मिरच्या लागल्या. पहिली तोडून तो ओट्यावर ठेवायला गेला, तर बायकोनं हात पुढे केला.

"हातावर मिरची देत नाई," तो म्हणाला. "भांडन होते."

"होऊ द्या. भांडाले घरात मानूस तर पायजे."

त्यानं वीतभर उंचीवरून मिरची तिच्या हातावर सोडली. जेवताना तुकडा चावून म्हणाला, "फिक्की हाय. गावाहून माझंवालं बी बोलावतो."

बायको त्याच्याकडे न पाहता मला म्हणाली, "त्यायले सांगा, बी बोलवा, डबा नका बोलवू म्हना."

मी सांगितलं.